पाठीवरचं बोट

मोरीतनं "आई गं!" असा आवाज आला आणि पाठोपाठ तांब्या गडगडत पार सोप्यापर्यंत आला. मी भाकरी थापत होते. पिठाच्या हातानं तशीच पळाले. बघते तर आमचे मालक मोरीत आडवे, तोंडभर साबण, एक डोळा उघडा नि एक मिटलेला.

"काय झालं?"

"काय न्हाई. पाय घसरला."

"मोरी कोरडी ठणठणीत हाय की!"

"मग साबण घसरला असंल. तू भाकरी बघ जा, करपल."

भाकरी करपलीच होती. पण मला भाकरीचं काय पडलं होतं? महिन्याभरात हे मोरीतलं तिसरं पडणं. आणि दर वेळी तोंडाला साबण लावला की मगच. मला काय, मी आपली शेणकूट थापणारी बाई, पण एवढं कळत होतं की मोरीत तेच पाणी, तोच धोंडा, मग तोंड धुतानाच माणूस का पडतोय?

आमच्या मालकांचं नाव हिंदूराव. त्या हिवाळ्यात त्यांना क्षय झाला होता. खोकून खोकून बरगड्या मोजाव्यात असं अंग झालं. तालुक्याच्या डॉक्टरनं रोज एक सुई लिहून दिली. दोन अडीच महिने कंपौंडर घरी येऊन टोचायचा. सुया लागू पडल्या, खोकला गेला, अंगावर मांस चढलं. मी जोतिबाला नारळ वाढवला. गावात म्हणाले, हिंदूराव मरणाच्या दारातनं माघारी आला. आणि माघारी आल्यावर महिन्याभरातच हे पडणं सुरू झालं.

बरं, पडणं एकसारखं असतं तर आजार म्हणता आला असता. भर उन्हात बांधावरनं चालताना माणूस ठीक. दिवेलागणीला गोठ्यात निघाला की भिंतीला धडकला. नांगरटीच्या भुसभुशीत रानात शिरला की लटपटला. बायका म्हणायच्या, "आनसाबाय, तुमचं मालक परवा समोरनं गेलं, ओळख बी दावली न्हाई." आता त्यांना काय सांगू? ते मला म्हणायचे, "चालताना समोरचं समदं हिंदकळतंय गं. माणसाचं तोंडच दिसत न्हाई. उभं ऱ्हायलो की मग दिसतंय."

गावानं त्याचा अर्थ सरळ लावला. हिंदूराव प्यायला लागला.

हे कुणा दुसऱ्याला म्हटलं असतं तर मी हसून सोडलं असतं. आमच्या घराला परवडणारं नव्हतं. बांबरवाडीची सासनकाठी आमच्या घराकडं होती. ज्यांनी जोतिबाची यात्रा बघितली नाही त्यांना सांगते. चांगला तीस-पस्तीस हात उंच वेळू, त्याला रंगीत कापड गुंडाळलेलं, शेंड्याला निशाण नि चवऱ्या. चारी अंगांनी दोऱ्या बांधलेल्या असतात, त्यांना तोरण्या म्हणायचं. त्या धरून गडी चालतात, आणि मधोमध एकटा माणूस कमरेच्या शेल्यात वेळूचा बुंधा रोवून हलगीवर काठी नाचवतो. चैत्राच्या पुनवेला गावोगावच्या काठ्या डोंगरावर देवाला भेटायला जातात. आमच्या गावात रीत अशी की निघण्याआधी देवळापुढं काठीवाल्यानं तीन फेऱ्या एकट्यानं नाचवायच्या. त्या वेळी तोरण्या सैल सोडायच्या आणि काठीवाल्याला कुणी शिवायचं नाही. तीन फेऱ्या झाल्या की काठी डोंगराला. काठी भुईला लागली, तर मान दुसऱ्या घराकडं. पाडव्यापासून पुनवेपर्यंत काठीवाल्यानं दारूच्या वाऱ्यालासुद्धा उभं राहायचं नाही, हा तर पहिला नेम.

सासऱ्यांनी काठी नाचवली, त्यांच्या बापानं नाचवली. आमचे मालक मिसरूड फुटल्यापासनं नाचवत होते. एरवी चार शब्द न बोलणारा माणूस, पण काठी कमरेला लागली की त्याच्यात वारं शिरायचं.

पाडव्याच्या आरतीला व्हायचं ते झालं. सगळे हात जोडून, डोळे मिटून उभे. मालकांनीही डोळे मिटले आणि डुलले ते थेट चुलतभावाच्या, बळवंत भावजींच्या अंगावर गेले. त्यांच्या हातातलं ताट खणकन खाली.

"दादा," भावजी दात खाऊन म्हणाले, "आज तरी सोडायची हुतीस."

"मी घेत न्हाई, बळवंता."

"मग देवाच्या वाऱ्यानं डुललास व्हय?"

मागं कुणीतरी फिसकन हसलं. माझ्या अंगाचा नुसता जाळ झाला. मी बायकांतनंच ओरडले, "भावजी, तोंडाचा वास घ्या की! लांबनं कशाला बोलताय?"

"वैनी, तुमी मधी पडू नगासा. काठी गावाची हाय, एका घराची न्हाई."

भावजी वाईट नव्हते, हे मी आज सांगते तसंच तेव्हाही सांगितलं असतं. त्यांचा पोरगा धनाजी तालमीत तयार झालेला, खांदे असे की दारात आडवा वळून शिरायचा. बापाला वाटायचं, काठी आपल्या पोरानं धरावी. कुणाला वाटणार नाही? शेवटी नाना गुरवांनी, देवळाचे जुने जाणते ते, हात वर केला. "पुनवंला तीन फेऱ्या हायत. देवापुढं काय ते हुईल. तवर कुणी तोंड घालायचं न्हाई."

दुसऱ्या दिवशी मी मालकांना धरून कोल्हापूरला नेलं. तालुक्याच्या डॉक्टरनं चिठ्ठी दिली होती ती कानाच्या डॉक्टरची. मला वाटलं, ह्याचं डोकं फिरलं. पडतोय माणूस नि बघायचा कान?

"माझं कान तिखट हायत," मालक बाकड्यावर बसून पुटपुटत होते. "गोठ्यात म्हस हलली तरी मला कळतंय."

आत डॉक्टरीणबाई होत्या, वयानं लहानच. त्यांनी मालकांना पाय जुळवून उभं केलं. ठीक उभे राहिले. मग म्हणाल्या, "आता डोळे मिटा."

मिटले आणि झाड तोडल्यासारखे आडवे. बाई तयारीतच होत्या, दोन्ही हातांनी सावरलं. मग एक जाड स्पंजची गादी जमिनीवर टाकली, तिच्यावर उभं केलं. डोळे उघडे असूनही मालक हेलकावे खायला लागले. बाईंनी कानात उजेड टाकला, मान इकडं तिकडं फिरवून डोळ्यांत बघितलं, सुया कुठल्या दिल्या होत्या ते विचारलं आणि खुर्चीत बसल्या.

"माणूस उभा राहतो तो तीन गोष्टींच्या जोरावर," त्या म्हणाल्या. "डोळे सांगतात, आपण कुठं आहोत. पायांना जमीन कळते. आणि कानाच्या पार आत, ऐकण्याच्या जागेशेजारी, तोल सांभाळणारा एक छोटा भाग असतो. मान कशी वळली, अंग कुठं कललं, हे तो सांगतो. त्या सुयांनी तुमचा जीव वाचला, पण तो भाग गेला. कधीकधी होतं असं."

"म्हंजे चुलीचा एक धोंडा गेला," मी म्हटलं.

बाई हसल्या. "अगदी बरोबर. उरलेल्या दोन धोंड्यांवर भांडं ठेवता येतं, पण जपून. डोळे मिटले की एकच उरतो. साबण लावताना, अंधारात, तेच होतं तुमचं. मऊ जमिनीवर पायांना नीट कळत नाही, तिथंही तेच."

"परत येतंय का त्ये?" मालकांनी विचारलं.

"ते नाही येणार. पण डोळे आणि पाय हळूहळू त्याचं काम शिकतात. रोज चाला. विहिरीत पोहायला उतरू नका, पाण्याखाली वर कुठं नि खाली कुठं तेच कळणार नाही."

"आन् काठी?"

"घ्या की! हातात काठी घेतली तर उत्तमच."

आम्ही दोघांनी एकमेकांकडं बघितलं. मला रडायला आलं नि हसायलाही. बाईंना काही बोललो नाही. उठून आलो.

एसटीत मी म्हटलं, "बरं झालं. आता भावजीच्या तोंडावर मारते. दारू न्हाई, सुयांनी झालंय म्हणून चारचौघांत सांगते."

मालक खिडकीतनं बघत होते. गाडी हालत होती तसं त्यांना बाहेरचं सगळं नाचताना दिसत असणार. ते म्हणाले, "सांगू नगंस."

"का?"

"दारू पितोय म्हणलं तर यंदाच्या वर्साची काठी जाईल. पुढल्या वर्सी सोडली म्हणायचं. पर तोलच गेलाय म्हणलं तर जल्माची गेली. तोल नसलेल्याच्या हातात काठी कोण देतंय, आनसा? तू दिली असतीस?"

दिली नसती. खरं सांगायचं तर मला आतनं भीती वाटत होती. एवढा वेळू वरनं आला तर खाली पोरंबाळं असतात, कुणाचं टाळकं फुटलं तर? घरी पोचेपर्यंत मी तेच म्हणत होते. ते म्हणाले, "मला पुनवंपतोर दे. चार दिवस आधी मला जमत न्हाई असं वाटलं, तर मीच नानांच्या पायावर काठी ठेवतो. मग तर झालं?"

झालं. मग काय, सुरू झाला आमचा आखाडा.

घरामागं जुना वेळू होता, काठीपेक्षा निम्मा. तो कमरेला लावून मालक परड्यात फेऱ्या मारायचे. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, लेकाच्या काळजीनं अर्ध्या झालेल्या. पडला तर लागू नये म्हणून त्यांनी परडंभर भाताची पिंजर अंथरली, वर जुनी वाकळ. मला म्हणतात कशा, "तालमीत बी माती मऊच करत्यात की!" झालं उलटंच. मालक पिंजरीवर उभे राहिले की पडायचे, त्या आणखी पिंजर टाकायच्या, ते आणखी पडायचे. दोन दिवस असा तमाशा चालला होता. तिसऱ्या दिवशी माझ्या टाळक्यात स्पंजची गादी आली. सगळी पिंजर म्हशीपुढं ओढली, वाकळ दोरीवर टाकली.

आत्याबाई खवळल्या. "आगं, मारतीस काय माझ्या लेकाला?"

"त्यास्नी जमीन कळू दे, आत्याबाई. पायाला कळली की डोईला कळंल."

मालक अनवाणी उघड्या खडकावर उभे राहिले. पायाची बोटं पसरली, खडकात रुतवल्यासारखी. नजर देवळाच्या कळसावर लावली. वेळू उचलला. हेलकावला, पण पडले नाहीत. आत्याबाईंनी पदर तोंडाला लावला आणि आत गेल्या.

तरी एक चिंता होतीच. काठी नाचताना गुलालाचा नुसता पाऊस पडतो. डोळ्यांत गेला तर? उरेल एकच धोंडा. मी बायकांना आधीच सांगून ठेवलं, ह्यांच्या तोंडावर गुलाल टाकू नका, आजारातनं उठलेत, खोकला येतो. आणि मालकांनी फेटा भुवयांपर्यंत खाली बांधायचा असं ठरलं.

आणि मग एका कातरवेळी ती गोष्ट कळली. म्हैस व्यायला झाली होती, गोठ्याकडं निघालो. मी कंदील घेऊन पुढं, मालक मागं. वाऱ्यानं कंदील विझला. मला वाटलं, आता धडपडतात. तेवढ्यात माझ्या खांद्याला त्यांचं एक बोट लागलं. भार म्हणाल तर नाहीच. माशी बसावी तेवढं. आणि माणूस काळोखात सरळ चालत गोठ्यापर्यंत आला!

मी थांबून म्हटलं, "बोट काढा बघू."

काढलं. लगेच झोकांडी. पुन्हा लावलं, खांबासारखे उभे.

"अवो, ह्यात जोर कसला? तुमी तर टेकला बी न्हाईसा."

"जोर नगो लागतोय." ते स्वतःच चकित झाले होते. "आपुन कुठं हाय, तेवढं कळाय लागतंय. बोटातनं कळतंय."

मग मी त्यांच्या पाठीला माझं बोट लावून बघितलं. तेही चाललं. त्या रात्री म्हशीला रेडकू झालं, आणि मला हे.

पण काठीवाल्याला शिवायचं नाही हा नेम. मी ते बोट मनात गुंडाळून ठेवलं. चार दिवस आधी मी त्यांना विचारलं, काय म्हणता? ते म्हणाले, डोळं हायत, पाय हायत. जमतंय. आणि खरंच जमत होतं.

पुनवेला सकाळीच ऊन तापलं. देवळापुढं अख्खं गाव. हलगी कडकडायला लागली, पिपाणीनं सूर धरला. मालकांचं पांढरं धोतर, खाली ओढलेला फेटा. शेला कमरेला आवळला. तोरण्यांवर चार गडी, त्यांतली पुढची तोरणी बळवंत भावजींच्या हातात. "जोतिबाच्या नावानं चांगभलं!" काठी उठली. तोरण्या सैल झाल्या.

पहिली फेरी. ते कळसाकडं बघत होते, अनवाणी पाय फरसबंदीवर चाचपून पडत होते. जुनं वारं नव्हतं, पण काठी सरळ होती. दुसरी फेरी. हलगीवाला वाकून वाजवायला लागला. आणि बघता बघता मालकांच्या अंगात ते जुनं वारं आलं. पायांनी ठेका धरला. बाया ओरडायला लागल्या. भावजींच्या तोंडावरसुद्धा मला हसू दिसलं, देवाशपथ सांगते.

तिसरी फेरी अर्धी झाली आणि आत्याबाईंचा बांध फुटला. लेक मरणाच्या दारातनं आला, गावानं दारुड्या म्हटलं, आणि आज तो देवापुढं नाचतोय. त्या माउलीनं हातातलं गुलालाचं अख्खं ताट "माझ्या राजा!" म्हणत समोरनं त्याच्यावर उधळलं.

फेट्याखालनं, सरळ डोळ्यांत.

मालकांनी डोळे मिटले. मिटणारच. आणि मला दिसलं की पाय थांबले, गुडघे वाकले, अंग डावीकडं जायला लागलं. वर शेंडा कलला. चवऱ्या एका अंगाला लोंबल्या. "धरा, धरा!" असा ओरडा झाला. पण तोरण्या सैल, गड्यांनी एकदम ओढायला घेतल्या, एकानं इकडं नि एकानं तिकडं, त्यानं काठी आणखीच हिसकली. कलत्या अंगाला पोरांची रांग बसली होती.

मी कधी रिंगणात गेले मला कळलं नाही. बाईमाणसानं त्या रिंगणात पाय टाकायचा नसतो. मी मागनं गेले आणि त्यांच्या पाठीवर, खांद्यांखालच्या दोन खवाट्यांच्या मधी, बोट टेकवलं. ढकललं नाही, धरलं नाही. टेकवलं.

"मी हाय," म्हटलं.

अंग थांबलं. गुडघे सरळ झाले. शेंडा हळूहळू वर आला आणि मधोमध उभा राहिला. डोळे अजून मिटलेलेच होते, गालावरनं गुलालाचं लाल पाणी वाहत होतं. हलगीवाला बिचारा थांबला होता. मालक म्हणाले, "वाजीव की रं!"

राहिलेली अर्धी फेरी त्यांनी डोळे मिटून नाचवली. मी मागं, एक बोट पाठीवर.

काठी देवळाला टेकवली तेव्हा भावजी पुढं आले. "शिवलं! नाना, शिवलं. आन् त्ये बी बाईनं! दादा उभं ऱ्हाऊ शकत न्हाई एवढी घेऊन आलाय!"

मालकांनी फेट्याच्या टोकानं डोळे पुसले. मला वाटलं, आता काहीतरी खोटं सांगतील. ऊन लागलं म्हणतील, चक्कर आली म्हणतील. मी मनात म्हणत होते, म्हणा, चक्कर म्हणा.

"बळवंता, हिकडं ये. तोंड हुंग माझं."

भावजी हलले नाहीत.

"हुंग म्हणतोय न्हवं!"

भावजींनी जवळ जाऊन वास घेतला आणि मागं सरले.

"क्षयाच्या सुयांनी माझ्या कानातला तोल गेलाय," मालक सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "पुन्यांदा येणार न्हाई म्हणत्यात. ह्ये बघा." आणि तिथंच पाय जुळवून त्यांनी डोळे मिटले. पडले. एवढ्या माणसांत, एवढ्या मानाचा माणूस, धाडकन फरसबंदीवर पडला. कोपर फुटलं. उठले, पुन्हा डोळे मिटले. "आनसा, बोट लाव."

मी लावलं. देवळाच्या दीपमाळेसारखे उभे राहिले. आत्याबाई रिकामं ताट उराशी धरून रडत होत्या.

"आता काठी कुणाला द्यायची ती द्या," मालक म्हणाले. आणि मला कळलं, जन्माची गेली ती. त्यांनी स्वतःच्या तोंडानं घालवली.

नाना गुरवांनी काठी बुंध्यापासनं शेंड्यापर्यंत बघितली. मग म्हणाले, "काठी भुईला लागली न्हाई. मला म्हाताऱ्याला तेवढंच दिसलं, बोट दिसलं न्हाई. पर हिंदूराव, डोंगरावर गुलाल ह्याच्या धाप्पट. सूनबाईला तिथं काठीमागं आणता यायचं न्हाई. बोटाबिगर तू जाणार कसा?"

धनाजी बापाकडं बघत होता. सगळं गावच भावजींकडं बघत होतं, कारण आता त्यांनी नुसतं "धन्या, ये" म्हणायचा अवकाश होता.

भावजी मालकांपुढं जाऊन उभे राहिले. "दादा, मला आधी का सांगितलं न्हाईस?"

"सांगितलं असतं तर काठी घेतली असतीस."

"घेतली असती," भावजी म्हणाले. नाक ओढलं. "तुला दारुड्या म्हणलो मी. देवळात, ताट पडलं तवा."

"म्हणलास."

भावजींनी गुलालाचा हात धोतराला खसाखसा पुसला. तोरणी धनाजीच्या हातात दिली. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "कुठं लावायचं, वैनी?"

मला पहिल्यांदा कळलंच नाही. मग कळलं. मी जागा दाखवली. "हितं, खवाट्यांच्या मधी. दाबू नगासा. ढकलू नगासा. नुसतं ऱ्हाऊ दे."

"असं?"

"आजून हलकं."

मालक म्हणाले, "हां. कळलास आता."

काठी डोंगराला गेली. मी वेशीपर्यंत गेले आणि तिथनं बघत उभी राहिले. भावजी मागं एक हात लांब करून चालले होते, बोटाच्या टोकाकडं असं बघत होते की वाटेतला धोंडाही त्यांना दिसला नसेल. ठेचकाळले दोनदा. बोट हललं नाही.

पुढं कितीतरी वर्षं तसंच चाललं. हळूहळू मालकांचे डोळे नि पाय शिकले, बाईंनी सांगितल्यासारखं. साबण लावतानाही पडेनासे झाले, एक हात भिंतीला असायचा. पण काठीला भावजी लागायचेच. दोघं भाऊ वर्षभर बांधावरनं भांडायचे, पाण्याच्या पाळीवरनं एकमेकांचं तोंड बघायचे नाहीत, आणि पाडवा आला की भावजी दारात येऊन उभे. "वैनी, चा टाका. बोट आलंय." गावातली नवी पोरं तर समजायची, काठीवाल्याच्या पाठीला भावकीतल्या माणसानं बोट लावायचं ही देवाचीच रीत आहे. मी कुणाला सांगायला गेले नाही.

भावजी गेले ते माघात. झोपेतच गेले. मालक रडले नाहीत. पाडव्याला नाना गुरवांचा मुलगा काठीचं विचारायला आला, तर म्हणाले, "धनाजीला दे."

मी म्हटलं, "अवो, बोट दुसरं कुणी लावंल की. तुमी नाचवा."

"डोळं हायत, पाय हायत," ते म्हणाले. "पर मला आता कळायचं न्हाई, मी कुठं हाय त्ये."

पुनवेला धनाजीनं काठी उचलली. आता त्याच्याही मिशा पांढऱ्या व्हायला लागलेल्या, पण खांदे तेच. तीन फेऱ्या अशा मारल्या की लोकांनी फेटे उडवले. काठी वेशीकडं निघाली तेव्हा आमचे मालक हळूच गर्दीतनं पुढं गेले आणि धनाजीच्या मागं जाऊन त्याच्या पाठीवर बोट टेकवलं.

माझ्या शेजारी धनाजीची बायको उभी होती. ती हसून म्हणाली, "आत्ती, आमच्या मालकास्नी कशाला लागतंय बोट? त्ये तर पैलवान गडी हायत."

मी वेशीकडं बघत होते. गुलालाचा असा धुरळा उठला होता की पुढचं काही दिसत नव्हतं, आणि त्यातनं ते म्हातारे पाय अगदी सरळ पडत चालले होते.

"त्याला न्हाई गं," मी म्हटलं. "ह्यांना लागतंय."